लाल पान, काळं पान: वर्गात दोघांच्या खेळातून गेम थिअरी

दोन कैदी, दोन कोठड्या, फळ्यावर दोन बाय दोनचा तक्ता. समोरचा काहीही करो, कबुली देणाऱ्याची शिक्षा कमीच होते, पण दोघांनीही कबुली दिली तर दोघं गप्प राहण्यापेक्षा दोघांनाही जास्त शिक्षा. पहिली काही वर्षं मी गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवण्याचं शास्त्र, अशीच शिकवली. मुलं तक्ता उतरवून घ्यायची, ‘कबुली देणे हीच वरचढ चाल’ या वाक्याखाली रेघ मारायची आणि घड्याळाकडे बघायची. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, पण मी नसती दिली कबुली.” मी तिला नॅशचा समतोल, म्हणजे एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती, पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावला. ती गप्प बसली. तिला पटलं नव्हतं हे दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. खरी माणसं काय करतात हे समीकरण सांगत नाही. ते मोजावं लागतं.

पुढच्या तासाला मी पत्त्यांचे तीन कॅट घेऊन गेलो. तेव्हापासून दरवर्षी खेळ आधी आणि तक्ता नंतर, असाच क्रम ठेवला आहे. अकरावी-बारावीचा अर्थशास्त्राचा वर्ग असो, बी.ए.चा असो की व्यवस्थापनाचा, पद्धत तीच. संगणक लागत नाही. दोन तास मिळाले तर उत्तम, पण एका तासातही जमतं.

सगळा खेळ दोन वाक्यांत

प्रत्येक विद्यार्थ्याला एक लाल पान द्यायचं आणि एक काळं. बदाम की चौकट, इस्पिक की किलवर, याला महत्त्व नाही, आकड्यालाही नाही. नियम इतकाच:

लाल टाकलं तर मला २ गुण. काळं टाकलं तर समोरच्याला ५ गुण.

दोघांनी काळं टाकलं तर दोघांना ५-५. दोघांनी लाल टाकलं तर २-२. मी लाल आणि समोरच्याने काळं टाकलं तर मला माझे २ आणि त्याचे ५ असे ७, त्याला भोपळा. कैद्यांचा पेच तो हाच, काळं म्हणजे सहकार आणि लाल म्हणजे दगा, फक्त यात कैदी नाहीत, पोलीस नाहीत आणि तक्ताही नाही. पत्त्यांची पानं वापरून हा खेळ वर्गात घेण्याची पद्धत चार्ल्स होल्ट आणि मोनिका काप्रा यांनी २००० मध्ये मांडली. वरचे आकडे माझे आहेत.

या मांडणीचा मोठा फायदा म्हणजे खेळाला दोनच स्क्रू आहेत: ‘घेणं’ किती आणि ‘देणं’ किती. देणं हे घेण्यापेक्षा मोठं आहे तोवर पेच कायम राहतो, कारण समोरचा काहीही करो, लाल टाकून मला २ जास्तच मिळतात, आणि तरीही दोघांनी काळं टाकलं तर दोघांचंही भलं होतं. देणं १ आणि घेणं २ केलं की पेच संपला, मग लाल टाकणंच दोघांच्याही हिताचं. चार घरांचे चार आकडे बदलत बसण्यापेक्षा हे फार सोपं. शिवाय चुकून भलताच खेळ तयार होण्याची भीती राहत नाही. फळ्यावर ऐनवेळी आकडे बदलताना मी दोनदा तरी असा खेळ तयार केला होता ज्यात पेचच नव्हता, आणि वर्ग इतका कसा शहाण्यासारखा वागतोय म्हणून चकितही झालो होतो.

तयारी

एका कॅटमध्ये २६ लाल आणि २६ काळी पानं, म्हणजे एक कॅट २६ विद्यार्थ्यांना पुरतो. साठ मुलांच्या वर्गाला तीन कॅट लागतात. त्याशिवाय लुडोचा एक फासा, आणि प्रत्येकाला अर्ध्या पानाची नोंदपट्टी. तिच्यावर पाच रकाने: फेरी, समोरच्याचा क्रमांक, माझं पान, त्याचं पान, माझे गुण. वर नाव नको, फक्त क्रमांक. तो हजेरी क्रमांक नसावा. आदल्या दिवशी चिठ्ठ्या करून ठेवा आणि वर्गात शिरताना ज्याची त्याने उचलावी. हजेरी क्रमांक दिला तर मागाहून कुणी काय टाकलं हे तुम्हाला कळतं, आणि तुम्हाला कळणार हे मुलांना कळतं. ‘सरांसमोर’ टाकलेलं काळं पान वेगळं आणि एरवीचं वेगळं.

बक्षीस हवंच. नुसत्या गुणांवर पहिल्या दोन फेऱ्या रंगतात, मग मुलं कंटाळून काहीही टाकायला लागतात. माझी पद्धत अशी: तास संपताना एक चिठ्ठी काढायची आणि त्या क्रमांकाला त्याच्या एकूण गुणांइतके रुपये रोख द्यायचे. सहा फेऱ्या खेळल्या तर जास्तीत जास्त ४२ रुपये जातात. कुणाचीही चिठ्ठी निघू शकते, म्हणून सगळे मन लावून खेळतात. पैसे देणं तुमच्या संस्थेत चालत नसेल तर तेवढ्या किमतीची पेनं द्या. परीक्षेचे अंतर्गत गुण मात्र या खेळाला चुकूनही जोडू नका. एक तर ते अन्यायाचं आहे, आणि दुसरं म्हणजे मग मुलं समोरच्याशी खेळत नाहीत, तुमच्याशी खेळतात.

बसवायचं कसं

पुस्तकात समोरासमोर दोन रांगा असतात. आपल्याकडे बाक असतात, तेही बहुधा एकाच दिशेला तोंड करून आणि कधीकधी जमिनीला ठोकलेले. तेव्हा एका बाकावर दोघं बसवा आणि मध्ये वही उभी धरायला लावा. पान छातीशी धरायचं, तुम्ही ‘दाखवा’ म्हटलं की दोघांनी एकदम पुढे करायचं. ‘एक-दोन-तीन’ म्हणत बसू नका, तीनला टाकायचं की तीननंतर यावर भांडणं होतात.

पहिल्या डावात दर फेरीला जोडीदार बदलायचा. डावीकडचा जागचा हलत नाही, उजवीकडचा एक बाक मागे सरकतो, शेवटच्या बाकावरचा पहिल्या बाकावर येतो. तीस बाक असतील तर तीस फेऱ्यांपर्यंत कुणाचीही कुणाशी दुसऱ्यांदा गाठ पडत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सगळे एकाच दिशेने सरकत असल्यामुळे तुम्ही एकाला दिलेला दणका त्याच्यामार्फत दुसऱ्याला, दुसऱ्यामार्फत तिसऱ्याला असा फिरत तुमच्याकडे परत येत नाही. म्हणजे प्रत्येक फेरी खरोखरच सुटी फेरी असते. जोड्या चिठ्ठ्या टाकून बदलल्या तर ही खात्री मिळत नाही आणि वेळही जातो.

विषम संख्या आली तर उरलेल्या एकाला फळ्याजवळ उभं करा. दर फेरीला काळं पान टाकणाऱ्यांनी हात वर करायचे आणि त्याने मोजून आकडा लिहायचा, हे काम त्याचं. पण हे हात डोळे मिटून वर करायला लावा.

काय वाचून दाखवायचं

सूचना तोंडी सांगू नका, वाचून दाखवा. तोंडी सांगताना आपण नकळत एकाला ‘बरं’ आणि एकाला ‘वाईट’ ठरवतो. माझ्या कागदावर साधारण असं लिहिलेलं आहे:

“तुमच्याकडे दोन पानं आहेत. दर फेरीला त्यातलं एक टाकायचं. लाल टाकलंत तर तुम्हाला २ गुण मिळतील. काळं टाकलंत तर शेजारच्याला ५ गुण मिळतील. शेजारच्याच्या पानालाही हाच नियम आहे. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. प्रत्येक फेरीनंतर एक बाक सरकायचं आहे. अशा सहा फेऱ्या होतील. शेवटी एक क्रमांक निघेल आणि त्याला गुणांइतके रुपये मिळतील.”

यात ‘सहकार’, ‘दगा’, ‘कैदी’, ‘भरवसा’ यातला एकही शब्द नाही, हे बघा. शब्दांचा परिणाम किती होतो हे लीबरमन, सॅम्युएल्स आणि रॉस यांनी २००४ च्या शोधनिबंधात दाखवलं. खेळ तोच, आकडे तेच, फक्त नाव वेगळं. ‘वॉल स्ट्रीट’ नाव दिलं तेव्हा एकतृतीयांशाच्या आसपास लोकांनी सहकार केला, ‘कम्युनिटी’ म्हटलं तेव्हा दोनतृतीयांशाच्या आसपास. देण्याचं पान मी मुद्दाम काळं ठेवलं आहे. आपल्या भाषेत काळ्याला वाईट वास आहे, काळा बाजार, काळा पैसा. तो वास आणि देण्यातला चांगुलपणा एकमेकांना थोडेफार खोडतात, असा माझा हिशेब.

खेळ सुरू करण्याआधी तीन तोंडी प्रश्न विचारा. मी लाल आणि तो काळं, तर मला किती? दोघं लाल, तर किती? मी काळं आणि तो लाल, तर? उत्तरं कोरसमध्ये घेऊ नका, कोरसमध्ये न समजलेला लपतो. नोंदपट्टीच्या मागे लिहून घ्या आणि फिरून नजर टाका. इथे वाचवलेली तीन मिनिटं नंतर वीस मिनिटांना पडतात.

पहिला डाव आणि दुसरा डाव

पहिला डाव सुट्या फेऱ्यांचा. काळ्या पानांची संख्या फेरीगणिक घसरताना दिसते. चौथ्या-पाचव्या फेरीला भोपळा मिळालेली मुलं कुजबुजायला लागतात. कुजबुज थांबवा, पण मनातल्या मनात खूश व्हा.

दुसऱ्या डावात जोडीदार कायम. आणि इथे फासा काढायचा. दर फेरीनंतर तुम्ही फासा टाकायचा, ६ पडला की डाव संपला. किती फेऱ्या होणार हे कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही. सरासरी सहा होतात.

फासा का? कारण ‘सहाच फेऱ्या’ असं आधी सांगितलं की सहावी फेरी ही शेवटची, तिच्यात लाल टाकलं तर बदला घ्यायला पुढे कुणी नाही. मग पाचवीतही काळं टाकून काय उपयोग? मग चौथीत तरी कशाला? असं करत हिशेब मागे मागे पहिल्या फेरीपर्यंत पोचतो. फळ्यावर हे सांगितलं तर मुलांना शब्दांचा खेळ वाटतो. माझ्या वर्गात एका जोडीने पाचही फेऱ्या काळं-काळं केलं होतं, सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता, आणि सहाव्या फेरीला दोघांनी एकदम लाल टाकलं. मुलगा रागावून म्हणाला, “तू लाल टाकणार हे मला माहीतच होतं, म्हणून मी टाकलं.” ती म्हणाली, “मला पण.” उलट मोजणीचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता फाशाचा हिशेब मुलांकडूनच काढून घ्या. समोरचा एकदा दुखावला की कायम लालच टाकणार असं धरू. आज दगा दिला तर ५ ऐवजी ७, म्हणजे २ गुणांचा फायदा, तोही एकदाच. नंतर दर फेरीला ५ ऐवजी २, म्हणजे ३ चा तोटा. सहा पडल्यावर थांबायचं असेल तर पुढे सरासरी ५ फेऱ्या बाकी असतात. तोटा १५, फायदा २. काळं टाकणं परवडतं. आता नियम उलटा करा: १ किंवा २ पडला तरच पुढे जायचं, नाहीतर डाव बंद. मग पुढे सरासरी अर्धीच फेरी बाकी, तोटा दीड, फायदा २. लाल परवडतं. सीमारेषा कुठे? डाव पुढे जाण्याची शक्यता घेणं भागिले देणं, म्हणजे २/५ किंवा ४० टक्के असेल तिथे. फासा फक्त एवढंच ठरवतो की उद्या किती जड आहे.

पेद्रो दाल बो यांनी २००५ मध्ये नेमकी हीच तुलना प्रयोगशाळेत केली होती. सरासरी लांबी तीच, पण एका बाजूला ठरावीक फेऱ्या आणि दुसऱ्या बाजूला अनिश्चित शेवट. अनिश्चित शेवटाच्या खेळात सहकार जास्त टिकला. तुम्ही वर्गाचे दोन भाग करून, एकाला ‘सहा फेऱ्या’ आणि दुसऱ्याला फासा देऊन हे जसंच्या तसं करू शकता.

एक इशारा. फासा पहिल्याच फेकीला ६ पडू शकतो, सहात एकदा पडणारच. माझ्यावर ही पाळी आली तेव्हा मी ‘हा धरायचा नाही’ म्हटलं, आणि त्या क्षणी नियमांवरचा विश्वास गेला. पुढच्या प्रत्येक फेकीला कुणीतरी ‘सर, हा पण नको’ म्हणायला लागलं. आधीच सांगून ठेवा की डाव लवकर संपला तर नवा जोडीदार घेऊन नवा डाव मांडू.

एका वेळी एकच स्क्रू

वर्गात हा खेळ लावणारे बहुतेक जण इथे घसरतात. देणं ५ चं ८ करतात, बोलायला परवानगी देतात आणि जोड्याही बदलतात. काळी पानं वाढतात. कशामुळे वाढली? देव जाणे. प्रयोग तेव्हाच होतो जेव्हा दोन डावांत एकच गोष्ट वेगळी असते. मुलांना हे सांगावं लागतं, आणि आपल्या स्वतःच्या हाताला आवर घालावा लागतो. हात फार शिवशिवतात.

फिरवायला स्क्रू भरपूर आहेत. पहिला अर्थातच देण्याचा आकडा. अनातोल रॅपोपोर्ट आणि अल्बर्ट चॅमा यांनी १९६५ मध्ये सहकाराचा एक निर्देशांक सुचवला होता. आपल्या खेळात तो अगदी सुटसुटीत होतो: देणं उणे घेणं, भागिले देणं अधिक घेणं. ५ आणि २ ला ०.४३. देणं ३ केलं तर ०.२. देणं १० केलं तर ०.६७. तिन्ही डाव खेळा आणि काळ्या पानांचं प्रमाण निर्देशांकाबरोबर चढतं का ते बघा.

दुसरा स्क्रू बोलण्याचा. डावाआधी एक मिनिट बोलू द्यायचं. सिद्धांत म्हणतो की पोकळ वचनाला किंमत नाही. वर्ग काय म्हणतो ते ऐका. तिसरा नावाचा: अर्ध्या नोंदपट्ट्यांवर शीर्षक ‘बाजारपेठ’, अर्ध्यांवर ‘शेजारधर्म’, दोन्ही गट वेगळे बसवून. चौथा ओळखीचा: एकदा शेजारी बसून, एकदा चिठ्ठीने, समोर कोण आहे हे न कळता.

प्रत्येक स्क्रू फिरवण्याआधी भाकीत लिहून घ्या. ‘काळी पानं वाढतील, घटतील की तेवढीच राहतील, आणि का’, एका ओळीत. पेनानेच. हे टाळलं तर निकाल लागल्यावर अख्खा वर्ग ‘हे तर माहीतच होतं’ म्हणतो.

वाटणीचा खेळ

दुसऱ्या तासाला मी अल्टिमेटम गेम घेतो. १०० गुण. एकजण वाटणी सुचवतो, दुसरा हो किंवा नाही म्हणतो. हो म्हटलं तर तशी वाटणी, नाही म्हटलं तर दोघांनाही शून्य. गूथ, श्मिटबर्गर आणि श्वार्त्झ या जर्मन संशोधकांचा यावरचा प्रयोग १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. हिशेबी माणसाने १ गुणही घ्यावा, कारण शून्यापेक्षा एक बरा. प्रत्यक्षात लोक ४० ते ५० देऊ करतात आणि २० च्या खालच्या वाटणीला साधारण निम्मे जण नकार देतात.

हा खेळ समोरासमोर लावू नका. पेचाच्या खेळात जोडीदार दिसलेला चालतो, इथे तो दिसला की भिडेने सगळे ५०-५० करतात. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन आकडे लिहावेत: ‘मी वाटणारा झालो तर समोरच्याला किती देईन’ आणि ‘मी घेणारा झालो तर कमीत कमी किती मिळाले तर हो म्हणेन’, दहाच्या पटीत. मग चिठ्ठ्या पिसून जोड्या लावा आणि नाणं उडवून कोण वाटणारा ते ठरवा. सगळ्या शक्यतांची उत्तरं आधीच लिहून घ्यायची ही युक्ती राइनहार्ड झेल्टेन यांची, १९६७ ची. १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल नॅश आणि हरसन्यी यांच्याबरोबर ज्यांना मिळालं तेच हे.

या चिठ्ठ्यांतून एक सुंदर तक्ता निघतो. समजा ३० जणांपैकी ५० सगळ्यांना चालतात, ४० हे २७ जणांना, ३० हे २१ जणांना आणि २० फक्त १२ जणांना. मग या वर्गात वाटणाऱ्याने किती द्यावेत? ५० दिले तर नक्की ५० उरतात. ४० दिले तर ६० गुणिले ०.९, म्हणजे सरासरी ५४. ३० दिले तर ४९. २० दिले तर ३२. म्हणजे ४० देणं ही निव्वळ उदारता नाही, त्यात धंदाही आहे. तुमच्या वर्गाचे आकडे घालून हे मुलांसमोर करा. ४० देणाऱ्यातले दानशूर किती आणि धोरणी किती, हा प्रश्न आपोआप येतो, आणि तो आला की पुढचा स्क्रू कोणता ते मुलंच सांगतात: नकाराचा हक्क काढून टाका.

माझ्या वर्गात दहा गुणांची वाटणी नाकारणाऱ्या एका मुलाला विचारलं, का रे? तो म्हणाला, “नव्वद घेऊन तो हिंडणार आणि मी दहा घेऊन बघत बसणार? त्यापेक्षा कुणालाच नको.” मागून कुणीतरी म्हणालं, “हजार रुपये असते तर घेतले असतेस!” हा आक्षेप चांगला आहे, आणि त्याचं उत्तर भारतातच मिळालं आहे. ईशान्य भारतातल्या खेड्यांत २०, २००, २,००० आणि २०,००० रुपयांवर हाच खेळ लावला गेला. तो शोधनिबंध २०११ मध्ये छापून आला. सर्वांत मोठ्या रकमेला लहान वाटणीलाही नकार जवळजवळ उरले नाहीत. म्हणजे मागून बोलणारा बरोबर होता, आणि पहिलाही खोटं बोलत नव्हता.

आणखी एक फेरफार करून बघण्यासारखा. वाटणारा कोण हे नाण्याने न ठरवता पाच प्रश्नांच्या छोट्या चाचणीने ठरवा, जास्त गुण तो वाटणारा. हॉफमन, मक्केब, शाखाट आणि स्मिथ यांच्या १९९४ च्या प्रयोगात असं केल्यावर देऊ केलेली रक्कम घटली. कमावलेलं वाटताना हात आखडतो. आरक्षण, वारसा, गुणवत्ता असे विषय यातून निघतात आणि चर्चा तापते. तयारी असेल तरच हात घाला.

भरवशाचा खेळ मी वेळ उरला तरच घेतो. पहिल्याकडे १०, तो हवे तेवढे पाठवतो, वाटेत ते तिप्पट होतात, दुसरा हवे तेवढे परत करतो. बर्ग, डिकॉट आणि मक्केब यांच्या १९९५ च्या मूळ प्रयोगात १० डॉलरपैकी सरासरी ५.१६ पाठवले गेले आणि ४.६६ परत आले. कागदावर तिप्पट करताना वर्गात गोंधळ होतो, म्हणून हा खेळ फोनवर घ्या.

कागदावरून फोनवर

आधी वर्षभर कागदावर करा, मग फोनकडे वळा. हा माझा आग्रह आहे, कारण पानं हातात असताना कुठे काय बिघडतं ते दिसतं.

मधली पायरी म्हणजे गूगल फॉर्म आणि शीट. फॉर्मवर फक्त क्रमांक, फेरी आणि पान. शीटवर काळ्याला १ आणि लालला ० लिहा. मग गुणांचं सूत्र एका ओळीचं: घेणं × (१ − माझा आकडा) + देणं × (समोरच्याचा आकडा). घेणं आणि देणं सूत्रात थेट लिहू नका, वरच्या दोन चौकटींत ठेवा. मग पुढच्या डावाला ५ चं ३ करायचं तर एकच चौकट बदलायची. आणि डावागणिक वेगळं पान ठेवा, नाहीतर जुन्या डावाचे गुणही बदलून बसतील.

त्यापुढे ओट्री. डॅनियल चेन, मार्टिन शोंगर आणि ख्रिस विकन्स यांनी केलेली ही प्रणाली मोफत आहे, पायथॉनवर चालते आणि ब्राउझरमध्ये उघडत असल्यामुळे साध्या फोनवरही खेळता येते. गटात खेळाडू किती आणि फेऱ्या किती हे सुरुवातीच्या ओळींत लिहायचं. घेणं आणि देणं मात्र सत्राच्या मांडणीत ठेवा, म्हणजे प्रत्येक सत्र उघडताना आकडे बदलता येतात, कोडला हात लावावा लागत नाही. पडद्यावरचा मजकूर मराठीत लिहिता येतो, आणि लिहाच. प्रोग्रामिंगशी वैर असेल तर व्हर्जिनिया विद्यापीठातल्या चार्ल्स होल्ट यांची व्हेकॉनलॅब हे तयार संकेतस्थळ आहे. तिथे आकडे भरले की खेळ तयार, फक्त तो इंग्रजीत.

फोनवरचा पहिला डाव माझा पुरता फसला होता. चौथ्या फेरीला एका मुलाच्या फोनची बॅटरी गेली. त्याची जोडीदार ‘समोरच्याची वाट बघा’ या पानावर अडकली आणि तिच्यापाठोपाठ पुढची फेरी सुरू व्हायला सगळा वर्ग अडकला. आता मी प्रत्येक पानाला ४५ सेकंदांची मुदत घालतो. मुदत संपली की यंत्र आपणहून एक निवड नोंदवतं, पण त्या फेरीवर खूण राहते आणि ती हिशेबात धरायची नाही. दुसरं, फोनच्या हॉटस्पॉटवर साठ जण जोडायचा प्रयत्न करू नका. त्यावर मोजकेच फोन बसतात. आणि वीज गेली तर? म्हणून पत्त्यांचे कॅट पिशवीत असू द्या.

खेळानंतरची वीस मिनिटं

आकडे फळ्यावर आल्यावर आधी मुलांना बोलू द्या. ‘कुणी लाल टाकलं?’ असं विचारू नका. ‘लाल टाकणाऱ्याच्या मनात काय असेल?’ असं विचारा. स्वतःहून कबूल करणारे भेटतात, पण ओढून काढलेली कबुली चेष्टेचा विषय होते आणि महिनाभर टिकते. कुठल्या मुलाने, कुठल्या मुलीने, कुठल्या वस्तीतल्याने काय टाकलं, अशी वर्गवारी वर्गात करायची नाही. खेळायला नको असेल त्याला मोजणीचं काम द्या, कारण विचारू नका. आणि खोटं बोलू नका. समोर माणूस आहे म्हणून सांगून संगणक बसवू नका. एकदा पकडले गेलात की पुढचा कुठलाही प्रयोग त्या वर्गात चालत नाही.

मग तक्ता काढा. मुलांनीच चारही घरं भरायची. नॅशचा समतोल बोट ठेवून दाखवायचा आणि शेजारी वर्गाचे खरे आकडे लिहायचे. इथेच १९५० ची गोष्ट सांगावी. जानेवारीत रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्व्हिन ड्रेशर यांनी हा खेळ पहिल्यांदा लावला. खेळणारे दोघं साधे नव्हते, अर्थतज्ज्ञ आर्मेन अल्चियन आणि गणिती जॉन विल्यम्स. शंभर फेऱ्या झाल्या. त्यातल्या ६० मध्ये दोघांनीही सहकार केला. नॅशच्या समतोलाप्रमाणे एकाही फेरीत तसं व्हायला नको होतं. कैद्यांची गोष्ट त्याच वर्षी अल्बर्ट टकर यांनी नंतर जोडली. म्हणजे खेळ आधी आणि कैदी मागाहून, अगदी आपल्या तासासारखंच.

गृहपाठ म्हणून मी प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आपली चाल एका वाक्यात लिहायला लावतो. ती वाचून तिसऱ्या माणसाला खेळता आलं पाहिजे, ही अट. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमाराला संगणकावर अशाच चालींच्या स्पर्धा भरवल्या होत्या आणि दोन्ही वेळा रॅपोपोर्ट यांची सर्वांत छोटी चाल जिंकली: आधी सहकार, मग जशास तसे. वर्गात ‘ठकास महाठक’ छापाच्या दहा-बारा चाली येतातच. त्या एकमेकींवर सोडून द्या आणि गंमत बघा.

तास संपला की पानं परत घेताना दारात दोन डबे ठेवा, एक लालला आणि एक काळ्याला, आणि मुलं असतानाच मोजा. एका वर्षी घरी जाऊन मोजली तर एक काळं कमी. पुढच्या आठवड्यात वह्या तपासताना किलवरची सत्ती सापडली, गेम थिअरीच्या धड्यात खूण म्हणून घातलेली. मी ती तशीच ठेवली आणि चौथा कॅट विकत घेतला.